लुळ्या उंदरांपासून लाँग कोविडपर्यंत

हार्वर्डच्या प्रयोगशाळेत पाळलेल्या काही उंदरांचे पाय १९४०च्या दशकाच्या अखेरीस आपोआप लुळे पडले. त्यांना कोणी काही टोचलेले नव्हते. प्रयोगशाळेत जनावरे आजारी पडणे ही नेहमीची कटकट. बहुतेक ठिकाणी अशी जनावरे मारून टाकतात, पिंजरे धुतात आणि पुढच्या कामाला लागतात. चीव्हर, डॅनियल्स, पॅपेनहायमर आणि बेली या चौघांनी तसे केले नाही. आजारी उंदरांपासून दुसऱ्या उंदरांना हा रोग देता येतो हे त्यांनी दाखवले आणि मग मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. विजेच्या वायरीवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते तसे चेतातंतूंवर मायलिन नावाचे मेदाचे आवरण असते. या उंदरांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत ते ठिकठिकाणी नाहीसे झाले होते. विषाणूला त्यांनी 'जेएचएम' असे नाव दिले. हार्वर्डचे जीवाणुशास्त्रज्ञ जे. हॉवर्ड म्युलर यांची ही आद्याक्षरे. निबंध १९४९ मध्ये छापून आला.

तो करोनाविषाणू होता. पण हे नाव रूढ व्हायला अजून एकोणीस वर्षे अवकाश होता, त्यामुळे निबंधात तसे कुठे लिहिलेले नाही. लेखकांना त्यात रस वाटला तो वेगळ्या कारणासाठी. मल्टिपल स्क्लेरोसिस या माणसाच्या आजारातही मायलिन असेच जागोजागी झडते आणि त्याचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ, युद्धकाळातल्या एका इस्पितळाच्या बराकींत, सर्दीवर संशोधन सुरू होते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या कॉमन कोल्ड युनिटमध्ये स्वयंसेवक दहा दिवस येऊन राहत. राहणे-जेवणे फुकट, थोडा हातखर्च, आणि त्या बदल्यात नाकात सर्दीचे थेंब. डेव्हिड टिरेल पुढे तिथले प्रमुख झाले. त्यांच्याकडे सरे परगण्यातल्या एका निवासी शाळेतल्या मुलाच्या नाकातला नमुना होता, क्रमांक बी८१४. त्याने माणसाला सर्दी व्हायची, पण नेहमीच्या पेशींत तो काही केल्या वाढेना. स्वीडनहून आलेल्या बर्टिल हूर्न यांनी श्वासनलिकेचे तुकडे काचपात्रात जिवंत ठेवण्याची युक्ती आणली, तेव्हा तो वाढला. आता तो दिसतो कसा, हे पाहायचे होते.

इथे जून अल्मेडा येतात. ग्लासगोच्या एका बसचालकाची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागलेली. पुढे टोरंटोत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हात बसला आणि तो इतका बसला की लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळाने बोलावून घेतले. टिरेल यांचा नमुना त्यांनी पाहिला आणि ओळखला, कारण असे काटेरी गोल त्यांनी आधीच दोनदा पाहिले होते : एकदा कोंबड्यांच्या श्वसनरोगात आणि एकदा उंदरांच्या यकृतदाहाच्या विषाणूत. त्या चित्रांवर लिहिलेला त्यांचा निबंध परत आला होता. परीक्षकांचे म्हणणे, ही इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचीच वाईट छायाचित्रे आहेत. परीक्षकांना आज हसणे सोपे आहे. पण ज्याची कल्पनाच नाही असे काही समोर आले की माणूस ते ओळखीच्या खणात टाकतो, आणि विद्वान माणूस जरा जास्तच आत्मविश्वासाने टाकतो.

१९६८ मध्ये आठ विषाणुशास्त्रज्ञांनी 'नेचर'ला छोटेसे पत्र पाठवून हे नवे कुटुंब जाहीर केले : करोनाविषाणू. कोंबडीचा, माणसाच्या सर्दीचा आणि उंदराच्या यकृताचा, असे सगळे एका छपराखाली आले. जेएचएम हा त्या उंदराच्या विषाणूचाच मेंदूकडे वळलेला भाऊ. त्याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेत सर्दीच्या रुग्णांकडून ओसी४३ नावाचा विषाणू मिळाला होता आणि तो कुठे वाढवावा या अडचणीवर केनेथ मॅकिन्टॉश यांच्या गटाने तोडगा काढला होता : नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत. तिथे तो उत्तम वाढला. माणसाच्या नाकातल्या साध्या सर्दीचा विषाणू मेंदूत एवढा रमतो याकडे तेव्हा सोय म्हणूनच पाहिले गेले.

पुढची बारा वर्षे या विषयाला कोणी फारसे विचारले नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये फोल्कर टेर म्युलेन यांनी जर्मनीतल्या वुर्झबुर्गला करोनाविषाणूंवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली तेव्हा जगभरातून साठेक लोक जमले. त्यांतल्या बऱ्याच जणांचा विषाणू म्हणजे उंदराचा विषाणू, आणि बऱ्याच जणांचा प्रश्न म्हणजे मायलिन. टेर म्युलेन यांच्याच गटाने जेएचएम लहान उंदरांऐवजी प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदरांना (रॅट) दिला, तेव्हा काही प्राण्यांत पक्षाघात आठवड्यांनी आणि महिन्यांनी उगवला. संसर्ग एका वेळी, परिणाम भलत्याच वेळी, ही गोष्ट तिथे नोंदली गेली.

त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये एक खळबळजनक निबंध आला. मल्टिपल स्क्लेरोसिसने मरण पावलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूतून दोन करोनाविषाणू वेगळे केल्याचा दावा त्यात होता. मेंदू पोखरणारा आजार, त्याचा चोर सापडला, आणि तोही उंदरांत ओळखीचा! पण ते विषाणू मिळवताना रुग्णाच्या मेंदूचा अंश एकदा जिवंत उंदरांना आणि एकदा उंदरांच्या पेशींना दिलेला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सुसान वाइस यांनी १९८३ मध्ये त्यांची आनुवंशिक सामग्री उंदराच्या विषाणूशी ताडून पाहिली. माणसाच्या आणि उंदराच्या करोनाविषाणूंत जितके साम्य असते त्याहून किती तरी अधिक साम्य निघाले. ते विषाणू रुग्णाच्या मेंदूतून न येता प्रयोगाच्या उंदरांतूनच घुसले असावेत, ही शंका मग काही हटली नाही. करोनाविषाणू आणि मेंदू या विषयावर आनुवंशिकीने दिलेला हा पहिला मोठा निकाल, आणि तो 'नाही' असा होता. मला तो फार मोलाचा वाटतो. अशी ताडून पाहण्याची सोय नसती तर त्या दोन विषाणूंच्या मागे निदान दहा वर्षे आणि बराच पैसा गेला असता.

पुढे आनुवंशिक सामग्रीतली अक्षरे क्रमाने वाचण्याची सोयही झाली. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या कोंबड्यांच्या रोगांवरील संस्थेत पहिल्या करोनाविषाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला : कोंबडीचा विषाणू, २७,६०८ अक्षरे. आरएनए विषाणूंत एवढी लांबी चक्रावणारी होती. आरएनएची नक्कल करताना चुका फार होतात; लांबी फार वाढली की विषाणू स्वतःच्याच चुकांनी मरायला हवा. करोनाविषाणू मरत नाही, कारण आपली नक्कल तपासून चुकीचे अक्षर काढून टाकणारे एक प्रथिन त्याच्याजवळ असते. शिवाय दक्षिण कॅलिफोर्नियात मायकेल लाय यांच्या गटाने दाखवले की एकाच पेशीत दोन करोनाविषाणू शिरले तर ते आपले तुकडे सर्रास अदलाबदल करतात. सावकाश बदलणारा, पण संधी मिळाली की मोठी उडी घेणारा, असा हा स्वभाव. त्याचा प्रत्यय जगाला पुढे आला.

मेंदूकडे परत येऊ. आयोवा विद्यापीठातल्या स्टॅन्ली पर्लमन यांनी १९८०च्या दशकात जेएचएम उंदरांच्या नाकात सोडला आणि तो कुठून कुठे जातो याचा माग काढला. गंधाच्या चेतातंतूवरून तो थेट मेंदूच्या तळाशी जात होता. नाकाच्या छतावरची ही वाट म्हणजे बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यातले सर्वांत कमी अंतर. दुसरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची ठरली आणि ती अनेक प्रयोगशाळांनी मिळून शोधली : उंदरांची प्रतिकारशक्ती किरणांनी दडपली तर विषाणू मेंदूत मोकाट वाढे, पण मायलिन फारसे झडत नसे. म्हणजे नासधूस मुख्यतः करत होती ती विषाणूला हुसकायला आलेली स्वतःचीच फौज. घरात शत्रू उरला नसला तरी आवरण झडत राहू शकते, हे १९९० पर्यंत उंदरांपुरते तरी माहीत झाले होते.

माणसाचे काय? कॅनडात क्वेबेकमध्ये पिएर तालबो यांच्या गटाने २००० साली ९० मृतांचे मेंदू तपासले आणि त्यांतल्या अनेकांत सर्दीच्या करोनाविषाणूंचा आरएनए आढळल्याचे लिहिले, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांत आणि नसलेल्यांतही. त्याने काय होते, हे त्यातून सिद्ध होत नव्हते.

मधेच एक आडवाट. २००५ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठात मार्क व्हान रान्स्ट यांच्या गटाने ओसी४३ हा गाईगुरांतल्या करोनाविषाणूशी ताडला. दोघांतल्या फरकांची संख्या आणि बदलाचा वेग यांवरून गणित मांडले, तर दोघांचा समाईक पूर्वज १८९०च्या आसपास निघाला. आणि १८८९-९० ला जगभर फिरलेली ती 'रशियन इन्फ्लुएन्झा'ची साथ आली होती. ती साथ खरोखर इन्फ्लुएन्झाची होती की गुरांतून माणसात आलेल्या ओसी४३ची, हा वाद आजही मिटलेला नाही. तारखांचा मेळ हा पुरावा नव्हे. पण त्या काळचे डॉक्टर काय लिहीत होते ते वाचण्यासारखे आहे. लंडनमधले चेताविकारतज्ज्ञ युलियस आल्थाउस यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला या साथीच्या 'मागाहून उरणाऱ्या' दुखण्यांवर पुस्तक आणि निबंध लिहिले. ताप उतरून महिने झालेले, पण झोप नाही, लक्ष लागत नाही, अंगात त्राण नाही, मन खचलेले, असे रुग्ण त्यांच्याकडे येत. लॉर्ड रोझबेरी हे ब्रिटिश पंतप्रधान १८९५ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या आजारपणानंतर निद्रानाशाने इतके पिचले की राज्यकारभाराची चर्चा मागे पडली. हा आजार कोणत्या विषाणूचा होता ते आता कळणे कठीण. साथीनंतर मेंदू बरेच दिवस कुरकुरतो ही तक्रार मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनची आहे, आणि तेव्हाही पुष्कळांनी ती 'मनाचे खेळ' म्हणून मोडीत काढली होती.

२००३ मध्ये सार्स हा नवा श्वसनरोग जगभर पसरला. एप्रिलमध्ये व्हँकूव्हरच्या जनुकसंच केंद्राने त्याचा संपूर्ण क्रम वाचून खुला केला आणि तो करोनाविषाणू असल्याचे पक्के झाले. उंदीरवाल्यांच्या बारक्या जगाकडे एकदम कॅमेरे वळले. पर्लमन आणि त्यांचे आयोवातले सहकारी पॉल मॅक्रे यांनी माणसाचे एसीई-२ हे ग्राहक प्रथिन पेशींवर असलेले उंदीर तयार केले, कारण सार्सचा विषाणू त्याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. २००८ मध्ये त्यांच्या गटाने लिहिले की अशा उंदरांच्या नाकात सार्सचा विषाणू सोडला तर तो गंधकंदातून मेंदूत शिरतो आणि चेतापेशी मारतो. उंदरांत हे प्रथिन नको तितके जास्त होते, तेव्हा माणसाला हे जसेच्या तसे लागू नाही, असा सावध सूरही होताच. तोवर सार्स संपला होता. निधी आटला, माणसे दुसऱ्या विषयांकडे गेली आणि उंदरांची पैदास थांबली. त्यांचे वीर्य तेवढे गोठवून ठेवले गेले.

३ जानेवारी २०२० रोजी शांघायमधल्या झांग योंगझेन यांच्या प्रयोगशाळेत वुहानहून नव्या आजाराचा एक नमुना आला. दोन दिवसांत, ५ जानेवारीपर्यंत, २९,९०३ अक्षरे वाचून झाली. क्रम जाहीर करायला मात्र आणखी सहा दिवस गेले. ११ जानेवारीला सिडनीतल्या एडवर्ड होम्स यांनी झांग यांना फोन लावला. झांग विमानात बसलेले, विमान निघायच्या बेतात. त्यांनी होकार दिला आणि काही मिनिटांत तो क्रम इंटरनेटवर आला. दुसऱ्या दिवशी 'सुधारणे'च्या नावाखाली झांग यांची प्रयोगशाळा बंद करण्यात आली. तिसऱ्या दिवशी, १३ जानेवारीला, अमेरिकेत लशीचा आराखडा त्या क्रमावरून पक्का झाला होता. जानेवारीअखेर वुहानहून केरळला परतलेल्या विद्यार्थिनीचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासला गेला तोही याच क्रमाच्या आधाराने. ती भारतातली पहिली रुग्ण.

विषाणूचे अक्षर न् अक्षर दहा दिवसांत जगासमोर आले. त्याने मेंदूत काय केले हे कळायला वर्षे लागली, आणि हे काम जिथे जिथे पुढे सरकले तिथे कोणीतरी भलत्याच कारणासाठी काहीतरी आधीच सांभाळून ठेवलेले होते. गोठवलेल्या वीर्यातून आयोवाचे उंदीर पुन्हा जन्माला आले आणि काही महिन्यांत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले, हे त्यातले एक.

पहिली खूण नाकाने दिली. मार्च २०२०पासून युरोपातले नाक-कान-घसा तज्ज्ञ सांगू लागले की वास गेलेले रुग्ण अचानक वाढलेत. उंदीरवाल्यांच्या मनात लगेच आले असणार : गंधाची वाट, मेंदूचा दरवाजा! पण हार्वर्डमधले संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने जुलैमध्ये दाखवले की नाकातल्या गंध घेणाऱ्या चेतापेशींवर एसीई-२ नाहीच. ते आहे त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. विषाणू शेजाऱ्याला मारतो आणि गंधपेशी उपाशी पडते. बहुतेकांचा वास परत येतो तो त्यामुळेच. माणूस आणि जेएचएमचा उंदीर यांत फरक आहे, हे इथे पहिल्यांदा नीट दिसले.

त्याआधीच, मे २०२० मध्ये, एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी स्वतःच्या न सरणाऱ्या आजाराला 'लाँग कोविड' म्हटले आणि ते नाव चिकटले. रुग्णांनीच मग आपापली मोजदाद सुरू केली. त्यांच्यातल्याच संशोधकांनी ५६ देशांतल्या ३,७६२ जणांची पाहणी केली तेव्हा थकव्याच्या बरोबरीने वर आली ती विचार न सुचण्याची, शब्द न आठवण्याची तक्रार. रुग्णांनी रुग्णांची केलेली पाहणी म्हणून काही डॉक्टरांनी नाक मुरडले. वैद्यकशास्त्राने इथे थोडी लाज वाटून घ्यायला हरकत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या यायला ऑक्टोबर २०२१ उजाडला.

आपल्याकडे तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ठळकपणे दिसलेला बी.१.६१७ हा प्रकार, वृत्तपत्रांतला 'डबल म्युटंट', आणि त्याचाच पुढचा अवतार डेल्टा. त्या उन्हाळ्यात 'कोविडनंतर मेंदूला धोका' म्हटले की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर म्युकरमायकोसिस उभा राही, नाकातून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत चढणारी बुरशी. खाटा, ऑक्सिजन आणि बुरशीवरचे अँफोटेरिसिन यांच्या धावपळीत शब्द न आठवण्याची तक्रार कोण कोणाकडे करणार?

कोणाला आजार जास्त जडतो, याचे उत्तर माणसाच्या जनुकांत शोधण्याचे काम जून २०२० मध्येच सुरू झाले. इटली आणि स्पेनमधल्या १,६१० गंभीर रुग्णांच्या पाहणीत तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा उठून दिसला. लाइपझिगचे स्वांते पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी तो पाहिला आणि सप्टेंबरमध्ये जाहीर केले : सुमारे ४९,४०० अक्षरांचा हा पट्टा निअँडरथल मानवाकडून आलेला आहे. क्रोएशियातल्या विंडिया गुहेत मिळालेल्या पन्नासेक हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतल्या डीएनएशी तो जुळतो. हे हाड वाचून ठेवताना करोनाचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत हा पट्टा सापडतो, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत, बांगलादेशात ६३ टक्क्यांत, आणि आफ्रिकेत व पूर्व आशियात जवळपास नाहीच. आपल्याकडच्या बातम्यांत याचा अर्थ 'भारतीयांच्या रक्तातच धोका' असा लावला गेला. बनारस हिंदू विद्यापीठाचे ज्ञानेश्वर चौबे आणि हैदराबादचे के. थंगराज यांच्या गटाने तो ताडून पाहिला, तेव्हा दक्षिण आशियात या पट्ट्याचा आणि आजाराचा संबंध आढळला नाही. युरोपातल्या रुग्णांवरून साऱ्या जगाचे अनुमान काढण्याची खोड आनुवंशिकीला जुनीच आहे.

हे सगळे गंभीर आजाराबद्दल. मेंदूबद्दलचा सर्वांत वजनदार पुरावा आला तो ७ मार्च २०२२ रोजी, ऑक्सफर्डहून. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात पाच लाख मध्यमवयीन स्वयंसेवक नोंदवले होते, आणि २०१४ पासून त्यांतल्या लाखभर जणांच्या शरीराची आणि मेंदूची चित्रे काढण्याचा संकल्प सोडला होता. तेव्हा अनेकांना ही उधळपट्टी वाटली असेल. धडधाकट माणसांचे एमआरआय काढून काय मिळणार? साथ आली तेव्हा चाळीस हजारांहून अधिक मेंदूंची 'आधीची' चित्रे तयार होती. नेमके तेच जगात इतर कोणाकडे नव्हते. आजारी पडल्यावर मेंदूचे चित्र काढले तर दिसलेली झीज आजाराने झाली की मुळातच होती, हे सांगता येत नाही. ग्वेनेल दुओ यांच्या गटाने ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांना दुसऱ्यांदा यंत्रात घातले. त्यांतल्या ४०१ जणांना दोन चित्रांच्या मधल्या काळात कोविड झाला होता, ३८४ जणांना नाही. दोन चित्रांत सरासरी तीन वर्षांचे अंतर, आणि आजाराच्या निदानापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सरासरी १४१ दिवस.

कोविड झालेल्यांत गंधाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांतला करडा थर अधिक पातळ झाला होता, आणि एकूण मेंदूही किंचित अधिक आकसला होता. फरक भागाभागानुसार ०.२ ते २ टक्क्यांचा. या वयात स्मृतीशी संबंधित भाग तसाही वर्षाला ०.२ ते ०.३ टक्के झिजतो, हे लक्षात घेतले की आकड्यांचे वजन कळते. यांतल्या फक्त १५ जणांना इस्पितळात जावे लागले होते. बाकीचे घरीच बरे झालेले. अंक-अक्षरे क्रमाने जोडण्याच्या चाचणीतही त्यांचा वेग सरासरीने जास्त मंदावला होता.

हे सरासरीचे आकडे होते, म्हणजे पुष्कळांत काहीच दिसले नव्हते. आणि कारण तीन प्रकारे लावता येत होते : विषाणू गंधाच्या वाटेने आत गेला, किंवा दाह मेंदूत पसरला, किंवा वास बंद झाल्याने त्या भागाला कामच उरले नाही आणि तो आपसूक रोडावला. चित्रे तिन्ही शक्यतांना सारखीच साथ देतात.

विषाणू आत जातो का, याचा शोध मृतांच्या मेंदूत घेतला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अविंद्र नाथ यांच्या गटाला बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या दिसल्या, विषाणू दिसला नाही. त्याच संस्थेतल्या डॅनियल चेर्टो यांच्या गटाने ४४ मृतांची तपासणी केली आणि २०२२ अखेर लिहिले की विषाणूचा आरएनए शरीरात, मेंदूतही, सापडतो, आणि एका रुग्णात तर लक्षणांनंतर २३० दिवसांनी. मात्र मेंदूत दाह जवळपास नव्हता. एक म्हणतो फाटलेल्या वाहिन्या आणि विषाणू नाही, दुसरा म्हणतो विषाणू आणि दाह नाही. हे मरण पावलेले बहुतेक लसीकरणाआधीचे, गंभीर आजारी, त्यामुळे घरीच बऱ्या झालेल्या बाईला शब्द का आठवत नाहीत याचे उत्तर त्यांच्याकडून मागणे हीच मुळात जबरदस्ती होती.

उत्तराच्या जवळ पोहोचले ते पुन्हा उंदीर. स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्ये कर्करोगावरच्या औषधांनी रुग्णांची बुद्धी का मंदावते यावर बरीच वर्षे काम करत होत्या. येलच्या अकिको इवासाकी यांनी फक्त श्वसनमार्गात एसीई-२ असलेले उंदीर तयार केले होते, म्हणजे विषाणू मेंदूत जाणारच नाही अशी व्यवस्था. आजारही इतका सौम्य की उंदरांचे वजनही घटले नाही. २०२२ मध्ये दोघींच्या गटांनी मिळून 'सेल'मध्ये लिहिले : मेंदूत विषाणू नाही, पण मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, सात आठवड्यांनीही चवताळलेल्या, मायलिन बनवणाऱ्या पेशी घटलेल्या, आणि मायलिनचे आवरण असलेले तंतू कमी झालेले. रक्तात सीसीएल११ नावाचे एक प्रथिन वाढलेले. लाँग कोविडमध्ये बुद्धीची तक्रार असलेल्या माणसांतही तेच वाढलेले निघाले. जेएचएमपासून त्र्याहत्तर वर्षांनी पुन्हा एका करोनाविषाणूच्या उंदरात मायलिन झडताना दिसत होते, फरक इतकाच की आता विषाणूला मेंदूपर्यंत जाण्याचीही गरज उरली नव्हती. पर्लमनच्या पिढीने उंदरांत जे पाहिले होते, की नासधूस फौजेची असते, ते माणसाच्या बाबतीत खरे ठरण्याची शक्यता एकदम वाढली. २०२४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी बुद्धी धूसर झालेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा गळत असल्याचे जिवंतपणी, एमआरआयने दाखवले. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

किती जणांना किती, याचा अंदाज इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीने दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅडम हॅम्पशायर यांच्या गटाने १,१२,९६४ प्रौढांच्या बुद्धिचाचण्या प्रसिद्ध केल्या. पूर्ण बरे झालेल्यांत घट बुद्ध्यंकाच्या भाषेत तीनेक गुणांची, लक्षणे न सरलेल्यांत सहाची, अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत नवाची. तीन गुण एका माणसाच्या रोजच्या जगण्यात जाणवणारही नाहीत. पण कोट्यवधी माणसांत ही सरासरी असेल तर हिशेब वेगळा होतो. सुरुवातीच्या विषाणूंपेक्षा नंतरच्या प्रकारांत ही घट कमी आढळली, हा त्यातला दिलासा.

जनुकांचे काय? फिनलंडमधून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने सोळा देशांतल्या चोवीस अभ्यासांतून लाँग कोविडचे ६,४५० रुग्ण आणि जवळपास अकरा लाख इतर माणसे एकत्र केली. २०२५ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात ठळक निघाला तो एकच पट्टा, फॉक्सपी४ या जनुकाच्या शेजारचा. हे जनुक काम करते ते प्रामुख्याने फुफ्फुसात. कोणाचा मेंदू धूसर होतो हे सांगणारे जनुक शोधायला निघालेली मंडळी अशी फिरून फुफ्फुसातच पोहोचली. मोन्ये यांच्या उंदरांकडे पाहता हे तितके विचित्रही नाही, कारण तिथेही आजार फुफ्फुसातच होता. पण त्या ६,४५० रुग्णांची सरमिसळही विसरता येत नाही. कोणाला धाप, कोणाला थकवा, कोणाला विस्मरण, सगळे एकाच नावाखाली मोजलेले. मेंदूची तक्रार असलेले तेवढेच वेगळे काढून, आणि दक्षिण आशियातले पुरेसे लोक घेऊन, हीच मोजणी करायला हवी.

त्यासाठी लागणारी 'आधीची' चित्रे भारतात अगदीच नाहीत असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशी ओलांडलेल्या खेडुतांची वर्षानुवर्षांची पाहणी साथ येण्यापूर्वीच सुरू केली होती. तिचा मूळ विषय म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश, आणि दहा हजार जणांचे रक्त, जनुके, स्मृतिचाचण्या आणि मेंदूची चित्रे हे तिचे उद्दिष्ट.